व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी आयर्लंड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीकॉम, बीबीए किंवा एमबीए करणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक आयर्लंडविषयी जे प्रश्न पुनःपुन्हा पाठवतात, त्यांतील निवडक प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एकाच मुद्द्याची पुनरुक्ती टाळण्यासाठी जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. शुल्क, किमान वेतन आणि व्हिसासाठी दाखवायची रक्कम हे आकडे आयर्लंड सरकार वेळोवेळी बदलत असते, त्यामुळे अर्ज भरण्याच्या दिवशी ते अधिकृत संकेतस्थळावर ताडून पाहावेत.

१. आयर्लंडला शिकायला जाणे म्हणजे नेमके काय? प्रत्येक जण वेगळीच माहिती सांगतो.

प्रत्येक जण वेगळे सांगतो, कारण प्रत्येकाचा मुक्काम वेगळा असतो. बिझनेसचे विद्यार्थी साधारणपणे तीन प्रकारे आयर्लंडला जातात : महाविद्यालयाने प्राध्यापकांसह काढलेला एक-दोन आठवड्यांचा अभ्यासदौरा, भारतातील पदवी चालू असताना तिकडे काढलेले एक सत्र, आणि आयरिश विद्यापीठाची एक वर्षाची पूर्ण मास्टर्स पदवी. व्हिसाचा वर्ग, नोकरीची मुभा, फी कोणाला भरायची आणि शिक्षण संपल्यावर तिथे थांबता येईल की नाही, हे सारे या तिन्हींत वेगवेगळे असते. मास्टर्सला गेलेल्या आतेभावाने सांगितलेला नियम एका सत्रासाठी जाणाऱ्याने जसाच्या तसा धरला, की पुढचे सगळे नियोजन फसते. म्हणून आपला मुक्काम या तिन्हींपैकी कोणता, हे ठरवूनच खालील उत्तरे वाचावीत.

२. इंग्लंड, जर्मनी सोडून बिझनेससाठी आयर्लंडच का?

ब्रेक्झिटनंतर युरोपीय संघात रोजचा व्यवहार इंग्रजीत चालतो असा सर्वांत मोठा देश आयर्लंडच उरला. जाहिरातींत हे कारण असतेच आणि ते खरेही आहे. परंतु बिझनेसच्या विद्यार्थ्याला त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे पाठ्यपुस्तकातील अनेक प्रकरणे या छोट्या देशात प्रत्यक्ष घडलेली आहेत आणि ती पाहता येतात.

पश्चिमेकडील शॅनन विमानतळाचे उदाहरण घेता येईल. अटलांटिक ओलांडणारी विमाने पूर्वी इंधनासाठी तिथे थांबत असत. पुढे विमानांचा पल्ला वाढून हा थांबा अनावश्यक होणार हे दिसू लागले, तेव्हा १९५९ मध्ये विमानतळालगत करसवलतींचे मुक्त क्षेत्र उभारण्यात आले. आधुनिक विशेष आर्थिक क्षेत्रांची सुरुवात बहुधा इथूनच सांगितली जाते. त्याच शॅननमध्ये १९७५ मध्ये गिनेस पीट एव्हिएशन ही विमाने भाड्याने देणारी कंपनी निघाली. आज जगातील भाडेपट्ट्यावरील विमानांचा फार मोठा हिस्सा आयर्लंडमधून सांभाळला जातो, त्याचे मूळ या कंपनीत तयार झालेल्या माणसांत आहे.

दुसरे प्रकरण कराचे. १२.५ टक्के कंपनी-कराने अमेरिकी कंपन्या आकर्षित झाल्या. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी हा दर २०२४ पासून १५ टक्के झाला आहे. २०१५ मध्ये आयर्लंडचे सकल देशांतर्गत उत्पादन एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर झाले. देशात तितके नवे कारखाने निघाले नव्हते. काही कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा आयरिश ताळेबंदात हलवली होती. आकडा इतका फसवा ठरला की पुढे आयर्लंडच्या सांख्यिकी कार्यालयाला राष्ट्रीय उत्पन्नाचे सुधारित मोजमाप सुरू करावे लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने ॲपल कंपनीकडून सुमारे १३ अब्ज युरोंचा थकीत कर वसूल करण्याचा निर्णय कायम केला, आणि गंमत अशी की हा कर आपल्याला नको म्हणून आयर्लंड सरकारच इतकी वर्षे भांडत होते. सरकार असे का वागले, यावर वर्गात दोन तास चर्चा सहज रंगते.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने आणखी एक प्रकरण आवर्जून पाहावे, ते म्हणजे दूध सहकाराचे. होरेस प्लंकेट यांच्या प्रेरणेने १८८९ मध्ये लिमरिक परगण्यातील ड्रमकॉलहर या गावी पहिली सहकारी क्रीमरी, म्हणजे दुधापासून साय-लोणी काढणारा कारखाना, निघाली आणि काही वर्षांतच अशा संस्थांचे जाळे देशभर पसरले. केरी ग्रुप ही आजची अन्नघटकांची बहुराष्ट्रीय कंपनी मुळात दूध उत्पादकांची सहकारी संस्था होती. १९८६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. वारणा किंवा गोकुळच्या परिसरात वाढलेल्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी याहून चांगला विषय शोधावा लागू नये. सभासद शेतकऱ्याच्या हातात शेअर आला म्हणजे त्याचे भले झाले की संस्था त्याच्या हातातून गेली, हा वाद त्याला नवा नाही.

३. कोणत्या शहरातले कोणते विद्यापीठ निवडावे?

डब्लिनमध्ये १५९२ मध्ये स्थापन झालेले ट्रिनिटी कॉलेज, ब्लॅकरॉक येथील स्मरफिट स्कूल ज्याचा भाग आहे ते युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन, डब्लिन सिटी युनिव्हर्सिटी आणि २०१९ मध्ये तीन संस्थांच्या विलीनीकरणातून झालेले तंत्रविद्यापीठ टीयू डब्लिन ही नावे प्रामुख्याने येतात. बाहेर कॉर्क, लिमरिक, गॉलवे आणि मेनूथ येथे विद्यापीठे आहेत. वित्त आणि तंत्रज्ञान कंपन्यांत ज्याला रस आहे त्याने डब्लिन निवडावे, कारण १९८७ मध्ये उभे राहिलेले वित्तीय सेवा केंद्र आणि गोदीपरिसरातील तंत्रज्ञान कंपन्या तिथेच आहेत. औषधनिर्मिती आणि पुरवठा साखळी हा विषय असेल तर कॉर्क, आणि वैद्यकीय उपकरणांचा उद्योग पाहायचा असेल तर गॉलवे जास्त उपयोगी पडते. खर्चाच्या दृष्टीने डब्लिनबाहेरची शहरे निश्चितच सुसह्य आहेत.

क्रमवारीपेक्षा दोन गोष्टी आधी तपासाव्यात. आयर्लंडच्या राष्ट्रीय पात्रता चौकटीत दहा पातळ्या आहेत. ऑनर्स पदवी आठव्या आणि मास्टर्स नवव्या पातळीवर येते. ‘हायर डिप्लोमा’ नावाचा अभ्यासक्रम पदवीनंतर करायचा असला तरी तो आठव्याच पातळीचा असतो, आणि याचा परिणाम प्रश्न २० मध्ये दिसेल. दुसरे म्हणजे तो अभ्यासक्रम सरकारच्या पात्र अभ्यासक्रमांच्या यादीत आहे का, कारण प्रश्न १४ मधील नोकरीची मुभा त्यावरच अवलंबून असते.

४. एक्स्चेंज आणि स्टडी अब्रॉड या दोन्हींत फरक काय? दोन्हीकडे एकच सत्र आहे.

फरक पैशांचा आहे. एक्स्चेंजमध्ये दोन संस्थांत करार असतो आणि विद्यार्थी फी आपल्याच महाविद्यालयाला भरतो, आयरिश विद्यापीठाला नाही. स्टडी अब्रॉडमध्ये तो तात्पुरता विद्यार्थी म्हणून तिकडची परदेशी विद्यार्थ्यांची फी भरतो. दोन्हींत राहणे, जेवण, विमान आणि विमा हा खर्च स्वतःचाच असतो. एक्स्चेंजच्या जागा बहुधा मोजक्या असतात आणि निवड आपल्याच महाविद्यालयात होते, म्हणून चौकशी परदेश शिक्षण मेळाव्यात करण्याऐवजी स्वतःच्या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय विभागात करावी.

५. तिकडचे क्रेडिट इकडे धरतात का? आणि तिथे ६२ टक्के पडले तर नापास झाल्यासारखे वाटते, ते खरे का?

युरोपीय पद्धतीत पूर्ण वर्षाची ६० आणि एका सत्राची ३० क्रेडिट असतात. एक वर्षाच्या मास्टर्सची बहुधा ९० असतात, कारण उन्हाळ्यातील प्रबंध किंवा प्रकल्प त्यात धरलेला असतो. भारतातील क्रेडिटशी त्यांचा थेट मेळ बसत नाही. म्हणून एका सत्रासाठी जाणाऱ्याने कोणता विषय कोणत्या विषयाच्या जागी धरला जाईल, याची यादी निघण्यापूर्वीच विभागप्रमुखांकडून सहीशिक्क्यासह घ्यावी. तिकडे पोहोचल्यावर एखाद्या विषयाचे वेळापत्रक जमत नाही असे नेहमी होते. त्यामुळे यादीत दोन-तीन पर्यायी विषयांनाही आधीच मान्यता घेऊन ठेवावी.

गुणांविषयी सांगायचे तर आयर्लंडमध्ये ४० टक्क्यांना उत्तीर्ण, ६० ते ६९ ला दुसऱ्या वर्गाची वरची श्रेणी आणि ७० च्या पुढे प्रथम श्रेणी धरली जाते. सत्तरी ओलांडणारे तिथे थोडेच असतात. ६२ हे चांगले गुण आहेत. अडचण एवढीच की भारतातील महाविद्यालयाने ते जसेच्या तसे गुणपत्रिकेत उतरवले तर नुकसान होते. गुणांचे रूपांतर कसे होणार, हेही वरील यादीबरोबरच लेखी घ्यावे.

६. शिष्यवृत्ती मिळते का?

पूर्ण पदवीसाठी आयर्लंड सरकारची आंतरराष्ट्रीय शिक्षण शिष्यवृत्ती सर्वांत मोठी आहे : एका वर्षाची पूर्ण फी माफ आणि खर्चासाठी १०,००० युरो. मात्र जगभरातून तिच्या जागा साठच्या आसपास असतात, त्यामुळे तिच्या भरवशावर खर्चाचे गणित मांडू नये. विद्यापीठांच्या स्वतःच्या फी-सवलती त्या मानाने सहज मिळतात. महाराष्ट्रातील अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला जागतिक क्रमवारीची अट असल्याने आयर्लंडमधील मोजकीच विद्यापीठे तीत बसतात. अभ्यासदौऱ्यासाठी किंवा एका सत्रासाठी ती नाही.

७. मला कोणता व्हिसा लागेल? युरोपचा शेंगेन व्हिसा चालतो का?

चालत नाही. आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. तीन महिन्यांपर्यंतच्या मुक्कामाला ‘सी’ आणि त्याहून अधिक मुक्कामाला ‘डी’ वर्गाचा व्हिसा लागतो. अभ्यासदौरा ‘सी’मध्ये येतो. सप्टेंबर ते डिसेंबरचे सत्र परीक्षेसह तीन महिन्यांच्या पुढे जाते, त्यामुळे त्याला ‘डी’ लागतो. व्हिसाचे शुल्क एका प्रवेशासाठी ६० आणि अनेक प्रवेशांसाठी १०० युरो आहे. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि सप्टेंबरच्या प्रवेशांमुळे उन्हाळ्यात गर्दी होते, म्हणून पहिल्याच आठवड्यात अर्ज करणे शहाणपणाचे आहे.

८. वडील शेतकरी आहेत. बँकेत पगार जमा होत नाही. कागदपत्रे कशी दाखवायची?

शेतीचे उत्पन्न चालते, मात्र ते कुठून आले हे कागदावर दिसले पाहिजे. ऑनलाइन अर्ज भरून त्याचा सारांश छापून सही करायची आणि मूळ कागदपत्रांसह तो व्हिसा केंद्रावर द्यायचा, ही साधी पद्धत आहे. अडचण येते ती सहा महिन्यांच्या बँक विवरणपत्रात. खात्यावर एरवी वीस-पंचवीस हजार शिल्लक असते आणि अर्जाच्या दहा दिवस आधी एकदम बारा लाख जमा होतात, हे चित्र अधिकाऱ्याला संशयास्पद वाटते. ती रक्कम कारखान्याच्या ऊसबिलाची असेल तर कारखान्याची पावती, मुदतठेव मोडली असेल तर बँकेचे पत्र, जमीन विकली असेल तर खरेदीखत जोडावे आणि एका पानावर ही नोंद कशाची, ती नोंद कशाची असे स्पष्टीकरण लिहावे. मामा किंवा काका पैसे देणार असतील तर नात्याचा पुरावाही लागतो.

सातबारा, आठ-अ, शिधापत्रिका असे मराठीतील कागद प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह द्यावे लागतात. शिक्षणात खंड असेल तर त्या काळात काय केले याचा हिशोब द्यावा, आणि पूर्वी कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला असेल तर ते लपवू नये. नकाराचे पत्र जोडलेले बरे.

९. खात्यात किती पैसे दाखवावे लागतात? फी आधीच भरायची का?

वर्षभराच्या मुक्कामासाठी दाखवायची रक्कम जुलै २०२३ पासून ७,००० वरून १०,००० युरो झाली. आता ही किमान मर्यादा समजावी. ही रक्कम फीव्यतिरिक्त आहे. आठ महिन्यांपेक्षा कमी मुक्कामासाठी ती दरमहाच्या हिशोबाने मोजतात. फी ६,००० युरोंपेक्षा कमी असेल तर पूर्ण, आणि जास्त असेल तर किमान ६,००० युरो व्हिसाच्या अर्जापूर्वी भरलेले असावे लागतात. एक्स्चेंजच्या विद्यार्थ्याने फी भरण्याऐवजी दोन्ही संस्थांच्या कराराचे पत्र दाखवायचे असते.

दाखवायची रक्कम म्हणजे खर्चाचा अंदाज नव्हे. डब्लिनमधील विद्यार्थी निवासात एका खोलीचे भाडेच महिन्याला हजार युरो किंवा त्याहून अधिक असते. त्यामुळे १०,००० युरोंत डब्लिनमधील वर्ष निभत नाही, हे पालकांनी आधीच धरून चालावे.

१०. शैक्षणिक कर्ज आणि भारतातून पैसे पाठवताना कापला जाणारा कर यांचे काय?

परदेशी पैसे पाठवताना बँक जो कर गोळा करते, त्याची मर्यादा एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपये आहे, आणि मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून फी पाठवल्यास तो लागत नाही. स्वतःच्या पैशातून १० लाखांपुढे पाठवल्यास लागतो, पण तो बुडत नाही. ज्याच्या पॅनवर तो जमा झाला त्याच्या विवरणपत्रात वळता करता येतो. म्हणूनच पैसे कोणाच्या खात्यातून जावेत याचा विचार आधी करावा. व्हिसासाठी कर्ज दाखवताना ते नुसते तत्त्वतः मंजूर असून भागत नाही, मंजुरीपत्र लागते.

११. व्हिसा नाकारला तर?

नकाराच्या पत्रात कारणे दिलेली असतात. दोन महिन्यांच्या आत लेखी अपील करता येते, त्याला शुल्क नाही, पण ते एकदाच करता येते. म्हणून घाईने विनंतीपत्र न पाठवता नकाराच्या प्रत्येक कारणाला कागदी उत्तर जमवूनच अपील करावे. सत्र सुरू होण्याची तारीख हातची जाणार असेल तर नव्याने अर्ज करणे काही वेळा जास्त सोयीचे ठरते. खोटे कागद सापडल्यास मात्र अपीलही नाकारले जाऊ शकते आणि पाच वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. कागद ‘जमवून देणाऱ्या’ एजंटाचे नाव अर्जात कुठे नसते. नाव विद्यार्थ्याचे असते.

१२. प्रवास कोणत्या मार्गाने करावा आणि विमानतळावर काय विचारतात?

दुबई, अबुधाबी, दोहा आणि इस्तंबूलहून डब्लिनला विमाने आहेत आणि मुंबईकरांना हेच मार्ग सोयीचे पडतात. लंडनमार्गे तिकीट स्वस्त दिसले तरी तिथे केवळ विमान बदलण्यासाठीसुद्धा भारतीय पारपत्राला व्हिसाचे नियम लागू होतात. ते समजून न घेता तिकीट काढू नये. व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी आहे, आत सोडायचे की नाही हे डब्लिनमधील अधिकारी ठरवतो. म्हणून प्रवेशपत्र, फीची पावती, विमा, राहण्याचा पत्ता आणि पैशांचे पुरावे हातातल्या बॅगेत ठेवावेत.

१३. पोहोचल्यावर नोंदणी करावी लागते असे ऐकले. ती कशी?

नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या प्रत्येकाला निवास परवाना काढावा लागतो. त्याचे ओळखपत्र मिळते आणि शुल्क ३०० युरो आहे. भेटीची वेळ उशिरा मिळते, म्हणून पोहोचल्याच्या आठवड्यातच ती घ्यावी. या ओळखपत्रावर जो ‘स्टॅम्प’ असतो, त्यावर पुढची सगळी मुभा ठरते. हे ओळखपत्र वैध असेपर्यंत दिवाळीला घरी येऊन परत जाताना वेगळा व्हिसा लागत नाही. २०१९ पासून ती अट गेली. अभ्यासदौऱ्यावरच्यांना ही नोंदणी नाही.

१४. शिकता शिकता नोकरी करता येते का?

पात्र यादीतील पूर्ण अभ्यासक्रमाला मिळणारा स्टॅम्प २ असेल तर येते. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, आणि जून ते सप्टेंबर तसेच १५ डिसेंबर ते १५ जानेवारी या काळात ४० तास. किमान वेतन जानेवारी २०२५ पासून ताशी १३.५० आणि जानेवारी २०२६ पासून १४.१५ युरो आहे. वीस वर्षांखालच्यांना दर कमी आहे. या तारखा वर्षभर ठरलेल्या आहेत. विद्यापीठाला मे महिन्यात सुट्टी लागली म्हणून मेमध्ये ४० तास काम करता येत नाही, ही चूक सर्रास होते.

नोकरी लागल्यावर सार्वजनिक सेवा क्रमांक (कर आणि सरकारी सेवांसाठीचा व्यक्तिगत क्रमांक) काढून ती महसूल विभागाच्या ऑनलाइन खात्यात लगेच नोंदवावी. नोंदवली नाही तर पहिल्या पगारातून आपत्कालीन दराने जादा कर कापला जातो. तो नंतर परत मिळतो, पण नेमका पैशांची गरज असते तेव्हा हातात येत नाही.

१५. मी फक्त एका सत्रासाठी चालले आहे. मलाही वीस तास काम करता येईल ना?

बहुधा नाही. सत्रापुरते येणारे विद्यार्थी पात्र यादीतील पूर्ण अभ्यासक्रमात नसतात, त्यामुळे त्यांना साधारणपणे स्टॅम्प २अ मिळतो आणि त्यावर कोणतेही काम करता येत नाही. पार्टटाइम नोकरीवर भाडे भागवू या हिशोबाने सत्रासाठी जाणाऱ्यांनी हे उत्तर पालकांना वाचून दाखवावे.

१६. ॲपवरून जेवण पोहोचवण्याचे काम किंवा स्वतःचा छोटा व्यवसाय चालेल का?

नाही. स्टॅम्प २ नोकरीची मुभा देतो, स्वयंरोजगाराची नाही, आणि जेवण पोहोचवणाऱ्यांना बहुतेक ॲप स्वतंत्र व्यावसायिक धरतात. दुसऱ्याच्या नावाचे खाते भाड्याने घेऊन हे काम करणे तर त्याहून धोक्याचे आहे. बिझनेसचा विद्यार्थी म्हणून कल्पना सुचणारच. त्या विद्यापीठाच्या उद्योजकता स्पर्धेत मांडाव्यात.

१७. घर कसे शोधावे? डब्लिनला घरेच मिळत नाहीत म्हणतात.

घरांची टंचाई खरी आहे आणि आयर्लंडच्या राजकारणात गेली काही वर्षे तोच सर्वांत मोठा प्रश्न आहे. विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेश मिळताच भरावा. खासगी घरासाठी न पाहता पैसे पाठवू नयेत. ‘मालक सध्या परदेशात आहेत, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ असा निरोप आला की संभाषण तिथेच थांबवावे. नियमित भाडेकरारात मालकाला एका महिन्याचे भाडे आगाऊ आणि एका महिन्याचे डिपॉझिट यापेक्षा जास्त मागता येत नाही.

मालकाच्याच घरातील एक खोली घेणे हा पर्याय स्वस्त असतो, पण त्यात दोन खाचखळगे आहेत. अशा खोलीत राहणारा कायद्याने भाडेकरू ठरत नाही, त्यामुळे भाडेकरूला मिळणारे संरक्षण त्याला मिळत नाही आणि मालक थोड्या मुदतीत खोली सोडायला सांगू शकतो. दुसरे म्हणजे यातील पुष्कळ खोल्या सोमवार ते शुक्रवारच दिल्या जातात, कारण आयरिश विद्यार्थी शनिवार-रविवारी गावी जातात. नाशिकच्या विद्यार्थ्याने शुक्रवारी संध्याकाळी बॅग घेऊन कुठे जायचे? त्यामुळे सात दिवसांची खोली आहे का आणि स्वयंपाकघर किती वाजेपर्यंत वापरता येते, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. फोडणीच्या धुराने गजर वाजतो, तेव्हा मालकाचा चेहरा पाहण्यापेक्षा हे बरे.

१८. सामानात काय न्यावे? आईला तूप आणि पेढे द्यायचे आहेत.

युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यामुळे तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवावे. ताजा कढीपत्ता आणि हापूसही नेता येत नाही. ताज्या फळांपैकी अननस, केळी, खजूर, नारळ आणि ड्युरियन एवढ्यांनाच प्रमाणपत्राशिवाय सूट आहे. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, पापड, चटण्या यांची अडचण येत नाही. विजेचे प्लग तीन चौकोनी पिनांचे असतात, म्हणून अडॅप्टर न्यावा. दाब २३० व्होल्टच आहे. बहुतेक शेगड्या विजेच्या असतात, त्यामुळे सपाट बुडाचा कुकर घ्यावा. छत्रीपेक्षा टोपीचे जलरोधक जाकीट उपयोगी, कारण पाऊस वाऱ्यासह आडवा येतो.

आरोग्य विमा सामानाइतकाच आवश्यक आहे : अपघात आणि आजारपण या दोन्हींसाठी किमान २५,००० युरोंचे संरक्षण असलेली पॉलिसी नोंदणीच्या वेळी दाखवावी लागते.

१९. सुट्टीत बेलफास्ट, लंडन किंवा पॅरिसला जाता येईल का?

बेलफास्टची बस डब्लिनहून सुटते आणि सीमेवर साधे फाटकही दिसत नाही. पण बेलफास्ट युनायटेड किंग्डममध्ये आहे आणि भारतीय पारपत्रधारकाला तिथे ब्रिटिश व्हिसा कायद्याने लागतोच. वाटेत तपासणी होऊ शकते आणि परिणाम थेट निवास परवान्यावर होतो. पॅरिससाठी शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. अपवाद अभ्यासदौऱ्याचा आहे : भारतीयांच्या काही अल्पकालीन ‘सी’ व्हिसांवर ब्रिटन-आयर्लंड संयुक्त योजनेचा शेरा असतो आणि त्यावर दोन्हीकडे जाता येते. ‘डी’ व्हिसाला ही सोय नाही.

२०. शिक्षण संपल्यावर किती काळ थांबता येते?

आठव्या पातळीच्या पदवीनंतर १२ महिने आणि नवव्या किंवा त्यावरील पातळीनंतर २४ महिनेपर्यंत नोकरी शोधण्यासाठी स्टॅम्प १जी मिळतो. निकालाची अधिकृत सूचना आल्यापासून सहा महिन्यांत आणि जुना परवाना वैध असतानाच अर्ज करावा लागतो. पदवी आयरिश मान्यताप्राप्त संस्थेचीच हवी. वर्ग डब्लिनमध्ये भरले तरी पदवी दुसऱ्या देशातील विद्यापीठाची असेल तर ही सोय मिळत नाही. खासगी महाविद्यालयात प्रवेश घेताना पदवी कोण देणार, हे याच कारणासाठी विचारावे. एका सत्रासाठी किंवा दौऱ्यावर आलेल्यांना ही योजना लागू नाही.

२१. तिथे मराठी माणसे भेटतात का?

भेटतात. गणेशोत्सवही होतो. मालवण तालुक्यातील वराड हे ज्यांच्या वडिलांचे गाव, ते लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले होते, हे बहुतेकांना ठाऊक असते.

२२. माझे लग्न झाले आहे. विद्यार्थी व्हिसावर पती किंवा पत्नीला नेता येते का?

साधारणपणे मास्टर्सच्या विद्यार्थ्याला ही मुभा नाही. जोडीदाराने स्वतंत्रपणे स्वतःच्या कारणासाठी अर्ज करता येतो, म्हणजे स्वतःचा प्रवेश किंवा स्वतःचा नोकरीचा परवाना घेऊन.

२३. एक वर्षाची आयरिश मास्टर्स भारतात चालते का?

खासगी कंपन्या हा प्रश्न सहसा विचारत नाहीत. प्राध्यापकी, पीएचडी किंवा सरकारी नोकरी डोळ्यासमोर असेल तर मात्र समकक्षता प्रमाणपत्र लागते. परदेशी पदव्यांच्या मान्यतेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये नवी नियमावली अधिसूचित केली आहे. प्रवेश घेण्यापूर्वीच अभ्यासक्रमाचा कालावधी, क्रेडिट आणि आधीच्या पदवीची वर्षे तीत बसतात का ते पाहावे, आणि विषयवार अभ्यासक्रमपत्रिका व उपस्थितीचे कागद आयर्लंड सोडण्याआधीच विद्यापीठाच्या शिक्क्यासह घ्यावेत, कारण ते नंतर इमेलवरून मागवण्यात महिने जातात.